धुराड्याच्या स्विचवरची तार

दि. ४ नोव्हेंबर

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद, विशेष.

तरणतलावाच्या गॅस हीटरचं काम तुला मिळाल्याचं ताईकडून कळलं. ज्या खोलीत मी बावीस हिवाळे काढले, तिथे आता माझी भाची पाना घेऊन उभी राहणार म्हणून दिवसभर उगीच मिशीला पीळ देत बसलो. फोनवर मला निम्मंच ऐकू येतं, तेव्हा पत्रच लिहीत जा, आणि अक्षर मोठं काढ.

आता चार गोष्टी ऐकून घे. मी शाळेत शिकलो नाही, हात भाजून शिकलो. तुझी भुवई एकदा जळून ‘ठिणगी’ हे नाव पडलं, तेवढं पुरे. आधी गॅसचा कॉक बंद, मग वीज बंद, मग दारं उघडून निवांत थांबायचं. गॅसचा वास आला तर बटणाला हात न लावता सरळ बाहेर यायचं. बर्नरच्या नळ्यांत कोळी जाळी करतात, ती ब्रशने काढ. ज्योत निळी आणि ताठ हवी. पिवळी, लोळणारी दिसली तर हीटरचा श्वास कोंडतोय असं समज. धुराडं वरपर्यंत मोकळं आहे का ते शिडी लावून स्वतः बघ, कुणाच्या तोंडावर विश्वास ठेवू नकोस. आणि आपला नियम विसरू नकोस. तात्पुरतं काही जोडलं तर त्याला लाल चिंधी बांधायची, म्हणजे काम अर्धं राहिलंय हे येता-जाता डोळ्यांत खुपतं.

तिकिटांच्या खिडकीवर वहिनी असतील. रात्रपाळीचा आपला रखवालदार गेला, त्याची बायको. त्याच्या मागे तलाववाल्यांनी त्यांना कामावर घेतलं. त्यांना नमस्कार सांग.

थंडी वाढते आहे, स्वेटर घालत जा. म्हाताऱ्याची याद असू दे, जास्त काय लिहू.

तुझा मामा

दि. ११ नोव्हेंबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आई म्हणते, भावाला सांग, गुडघे शेकायचा आळस करू नको.

हीटर उघडला. आत इतकी काजळी की हात कोपरापर्यंत काळा झाला. ज्योत पिवळी. शिडी लावून बघितलं, तर धुराड्यात जुनी घरटी आणि ढासळलेल्या विटांचा चुरा, अर्ध्याहून जास्त भोक बंद. बाहेरची हवा आत यायची जाळी कुणीतरी वारं लागतं म्हणून फळी ठोकून बंद केली आहे. तिकिटांची खोली भिंतीला भिंत लागून, म्हणून विषारी वायू मोजायचं यंत्र तिथे नेलं, तर ते ओरडतच सुटलं. तुमच्या वहिनींना, म्हणजे आमच्या तिकिटांवरच्या मावशींना, हाताला धरून बाहेर काढलं आणि दवाखान्यात पाठवलं. त्या म्हणत होत्या, हिवाळ्यात डोकं जड व्हायचंच, वय झालं आता. डॉक्टरांनी वेळेवर आणलंत असं सांगितलं. आता बऱ्या आहेत.

आणखी एक आहे. धूर बाहेर न जाता उलटा फिरला की हीटर बंद पाडणारा स्विच धुराड्याच्या तोंडाशी असतो ना, त्याच्या दोन टोकांना तार जोडून तो मुका केलेला आहे. तारेवर काळी कापडी पट्टी, टोक आत दुमडलेलं. असं टोक दुमडणारा मला एकच माणूस माहीत आहे. लाल चिंधी मात्र कुठेच नाही. मामा, ही तार तुमची का? रागावू नका, हो की नाही एवढंच लिहा.

तार मी काढली. गॅस बंद करून कॉकला कुलूप घातलंय, किल्ली माझ्याकडे. व्यवस्थापक म्हणाले, सोमवारी मुलांचे वर्ग आहेत, तार परत जोड, इतकी वर्षं काय बिघडलं. मी म्हटलं, हेच कागदावर लिहून सही करून द्या. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. कानांना तेवढीच विश्रांती.

तुमची माया आहे तशीच राहो, ही विनंती.

तुमची भाची

दि. १६ नोव्हेंबर

चि. ठिणगीस आशीर्वाद.

हो. तार माझी.

माझ्या नोकरीचा तो शेवटचा हिवाळा. स्विच दर तासाला हीटर बंद पाडायचा आणि पाणी गार म्हणून लोक माझ्या नावाने खडे फोडायचे. मला वाटलं, स्विचच बिघडला. तो बिचारा खरं सांगत होता, धुराडं तेव्हाच तुंबायला लागलं होतं. गुडघे दुखत होते म्हणून शिडी लावली नाही. नवा स्विच येईपर्यंत दोन दिवसांसाठी तार जोडली आणि नियमाप्रमाणे चिंधी बांधली. दुसऱ्या दिवशी तलावाची पाहणी करायला बडी मंडळी येणार होती. लाल चिंधी त्यांच्या डोळ्यांवर येईल, उगीच चौकशा होतील, म्हणून मी माझ्या हाताने सोडून खिशात टाकली. पाहुणे गेले की बांधू म्हटलं. ती बांधायची राहिली आणि मग तारच विसरलो. उन्हाळ्यात निवृत्त झालो.

पुढच्या हिवाळ्यात रखवालदार गेला. त्याच तिकिटांच्या खोलीत, खुर्चीवर बसल्या जागी. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. मी त्याला खांदा दिला आणि घरी येऊन पोटभर जेवलो. तुझं पत्र आल्यावर कळलं, त्याचं हृदय माझ्या तारेनेच थांबवलं असणार. मी वहिनींकडे जातो आहे. मला अडवू नकोस.

मामा

दि. २० नोव्हेंबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. तुमची चूक नाही असं मी लिहिणार नाही, तुम्हाला ते खोटं वाटेल. पण तुमच्यामागून आलेल्या कुणीही चार वर्षांत हीटर उघडून बघितला नाही आणि फळी ठोकणारा वेगळाच आहे, हेही खरं. तपासणी अधिकारी येऊन गेले. तलाव बंद ठेवायचा हुकूम झालाय. त्यांना तुमचा लेखी जबाब हवा आहे. मावशींकडे एकटे जाऊ नका, मी रविवारी येते.

माझ्यावरचा हात काढू नका.

तुमची भाची

दि. २३ नोव्हेंबर

चि. ठिणगीस आशीर्वाद.

रविवारपर्यंत धीर निघेना, काल एकटाच गेलो.

वहिनी भाजी निवडत होत्या. मी तार, चिंधी, सगळं सांगितलं. निवडता निवडता त्यांनी विचारलं, त्या वायूने माणूस सकाळी झोकांड्या खातो का. मी म्हटलं, खातो. ओकतो का, बरळतो का. म्हटलं, हो, तेही.

तेव्हा त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. म्हणाल्या, नवरा त्या साऱ्या हिवाळ्यात कामावरून तसाच यायचा. पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगायचा की थेंबाला शिवलो नाही. आम्ही म्हणायचो, दारुडे असंच सांगतात. पोरगा घर सोडून गेला, बापाला पोचवायलाही आला नाही. शेवटच्या दिवशी नवरा म्हणत होता, डोकं फुटतंय, आज जात नाही. मीच म्हटलं, उतरली नसेल अजून, जा मुकाट्याने कामाला.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाल्या, ते मला आज विचारू नका. आधी पोराकडे चला. मी सांगितलं तर म्हणेल, आई मेलेल्याची बाजू घेते. तार तुम्ही जोडलीत, त्याचा बाप पीत नव्हता हे तुम्हीच तुमच्या तोंडाने सांगा.

उद्या सकाळच्या गाडीने निघतो आहोत. जबाब सही करून सोबत जोडला आहे, चिंधी का सोडली तेही लिहिलं आहे. अधिकाऱ्यांना दे. पोराने दार उघडलं तर समोर बसून सांगेन, नाही उघडलं तर दाराबाहेर उभा राहून सांगेन.

लोभ असू द्यावा असं लिहायला आज हात धजत नाही. असलाच तर तुझे उपकार.

मामा