टाकीच्या तळाचे तीन ठोकळे

२७ ऑक्टोबर, सोमवार

भाऊजी,

नमस्कार. आज सकाळी आठला शाळेच्या कामावर आले. दुपारपर्यंत जिन्याजवळच्या चारही खांबांत काँक्रीट भरून झालं. साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात बसून हे लिहिते आहे. तब्येत बरी आहे. यांना जाऊन पाच महिने झाले. चहा अजून दोघांचा टाकला जातो. उरलेला मुकादम पितो, वर साखर कमी आहे म्हणतो.

तुम्ही म्हणाल, ते खांब तर मार्चमध्येच उभे राहिले होते. ते तोडले. वरच्या स्लॅबला टेकू दिले आणि चारही तोडले.

सप्टेंबरमध्ये ठोकळे भिजवायची टाकी साफ करायला काढली. तळाशी काँक्रीटचे तीन ठोकळे निघाले, वर १७ मार्चची तारीख कोरलेली, यांच्या अक्षरात. त्याच तारखेचे तीन तर सरकारी प्रयोगशाळेत केव्हाच दाबून पाहिले होते आणि पास झाले होते. खांबात जो माल पडतो त्याचेच ठोकळे तपासणीला पाठवायचे, एवढं मलाही कळतं. त्या दिवशी माल पातळ झाला होता. तुम्ही खांब तोडा म्हणालात, हे मुदत संपत आली म्हणाले, आणि एप्रिलमध्ये तुम्ही भागीदारी सोडलीत. भाऊजींनी ऐन अडचणीत पाठ फिरवली, असं मी नातेवाइकांत सांगत राहिले.

तळाचे तिन्ही एका खासगी प्रयोगशाळेत दाखवले. त्यांनी दोन दाबले. दोन्ही नापास.

वकिलांनी काळी यादी, फसवणुकीचा गुन्हा, सगळं नीट समजावलं. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "सही साहेबांची आहे. गेलेल्या माणसाला कोण नोटीस काढणार? सगळं त्यांच्यावर टाका आणि मोकळ्या व्हा."

गप्प बसणं त्याहून सोपं होतं. पण जूनपासून त्या जिन्याने मुलं वर जाणार. उरलेला ठोकळा घेऊन मी बांधकाम खात्याच्या ऑफिसात गेले आणि अभियंत्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी फाइल चाळली. "बाई, कागद तर व्यवस्थित आहेत. तुमची तक्रार कोणाविरुद्ध आहे?"

"आमच्याविरुद्ध," मी म्हणाले.

इथवर मी यांचंच सांगत आले. आता माझं सांगते.

पास झालेल्या ठोकळ्यांचा फोटो अहवालाला जोडलेला आहे. त्यावरचा सात बघा. वहिनींच्या सातला शेपूट असतं म्हणून तुम्ही चिडवायचात ना, तोच. दुसऱ्या दिवशी घट्ट माल करून ते पाडले आणि हे म्हणाले, कालची तारीख घाल. मी घातली. मला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं, पण आदल्या संध्याकाळचं तुमचं भांडण मी दाराआडून शब्दन् शब्द ऐकलं होतं. खात्याला मी हेही लिहून दिलं आहे.

कारणे दाखवा नोटीस आली. बारा नोव्हेंबरला सुनावणी आहे. खांब आमच्या खर्चाने पुन्हा करायची परवानगी मिळाली. अभियंते म्हणाले, मुलं आत जायच्या आधी आलात, ते मी अहवालात लिहीन. गुन्ह्याचं अजून कोणी सांगत नाही, पण काळ्या यादीऐवजी वर्षभराच्या बंदीवर निभावेल, असं वकिलांना वाटतं. माझ्यावर ते चिडलेत. म्हणतात, असे अशील दोन भेटले तर दुकान बंद करावं लागेल.

सुनावणीला तुम्हाला बोलावतील. झालं तसं सांगा. आमचं झाकू नका, आणि मला वाचवायला यांच्यावर जास्तीचं टाकू नका. फक्त एवढं सांगा की खरे ठोकळे त्यांनी फेकून दिले नव्हते. टाकीत जपून ठेवले होते. का ठेवले, ते विचारायचं राहून गेलं.

तुमच्याबद्दल जे बोलले ते ज्यांच्याजवळ बोलले, त्यांना एकेकाला फोन करते आहे. मावशींचा राहिला आहे. त्या लवकर सोडत नाहीत.

सुनावणी झाली की साइटवर या. मुकादम रोज ऐकवतो, धाकटे साहेब असते तर आतापर्यंत तीनदा ओरडले असते. मला ओरडता येत नाही.

सगळे घरी गेलेत. आजच्या मालाचे सहा ठोकळे साच्यात आहेत, वरून अजून ओले. आता खिळा घेऊन उठते, सहाही ठोकळ्यांवर आजची तारीख घालते आणि वर ओलं पोतं टाकते.

वाट पाहणारी,
शेपटीच्या सातची वहिनी