विमानातली बिअर आणि उर्स्याचे सासरे

॥ श्री ॥
मुक्काम लोणावळे, मंगळवार

तीर्थस्वरूप कोंडाजीमामांच्या पायांवर भाचा हौशीराम याचा साष्टांग दंडवत. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचून झालं की ते खोडून टाका. तुमचा खोकला कसा आहे? मामीचा गुडघा? तळेगावच्या बाजारात घेतलेला तो खोंड अजून मारतो का? (मारत असेल तर मी तेव्हाच सांगितलं होतं, मारत नसेल तर मी काही बोललोच नव्हतो.) पत्र लिहायला बसलोय खरा, पण बूड एका जागी ठरत नाही. एक ओळ लिहितो आणि उर्से गावाहून, सासरकडचं कुणी येतंय का ते फाटकापर्यंत जाऊन बघून येतो. बंगल्याचा कुत्रा सकाळपासून माझ्याबरोबर येत होता, आता तोही कंटाळून ओट्याखाली झोपला आहे. मामा, वैशाखातलं माझं लग्न मोडायच्या बेतात आहे आणि त्याला कारण विमान.

ज्यांच्या बंगल्यावर मी कामाला आहे ते साहेब एका नव्या विमान कंपनीत बडे अधिकारी आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. लढाई संपली, विमानं रिकामी पडली, आता त्यांत उतारू बसवून दिल्लीला, कराचीला न्यायचे. उतारू म्हणजे साहेबलोक आणि शेटलोक. त्यांना वर गेल्यावर बिअर लागते. (जमिनीवर पिऊन ज्याला धड उभं राहता येत नाही, त्याला आभाळात कशाला पाजायची, हे मी विचारलं नाही. नोकरी आहे.) कोणती बिअर द्यायची ते ठरवून साहेबांनी बुधवारच्या आत मुंबईला तार करायची होती. पाच तऱ्हेच्या बाटल्यांची खोकी बंगल्यावर आली. आता शहाण्या माणसानं व्हरांड्यात बसून पाचही चाखाव्यात आणि एकीवर बोट ठेवावं की नाही? पण साहेबांचं म्हणणं, जमिनीवरची चव वेगळी आणि आभाळातली वेगळी. उंचावर जीभ बधिर होते. तेव्हा परीक्षा उंचावरच झाली पाहिजे.

उंच म्हणजे आमच्याकडे नागफणीचा कडा. काल उजाडताच ठाकरवाडीचे नवशा आणि शिदू यांना बोलावलं. एकाच्या डोक्यावर बाटल्या, दुसऱ्याच्या डोक्यावर व्हरांड्यातली वेताची खुर्ची, आणि कुरवंड्याच्या वाटेनं आमची वरात निघाली. वर पोचल्यावर साहेबांनी खुर्चीला दोन बांबू बांधायला लावले आणि डोळे मिटून आत बसले. नवशा पुढे, शिदू मागे. खुर्ची खांद्यावर घेऊन दोघांनी ती गदागदा हलवायची, म्हणजे विमान हिसके खातं तसं वाटावं. मी तोंडानं विमानाची घरघर करायची आणि घरघर न थांबवता पेल्यात बिअर ओतायची. मामा, एकदा करून बघा. चढावर हिंदकळलेली, उन्हात तापलेली बाटली. बूच निघालं की साहेबांच्या मिशीला थेंब आणि बाकी सगळी माझ्या डोक्यावर. पाचही तऱ्हांनी मला आंघोळ घातली. नवशा म्हणाला, "हौशा, हळद लागायच्या आदीच न्हाण झालं की रं तुजं!" साहेबांना एकीचीही चव कळली नाही. तार मात्र करायचीच होती, म्हणून ते उतरताना सगळ्या वाटेनं आमच्यावर खेकसत आले.

आणि बंगल्याच्या फाटकात कोण उभं असावं? उर्स्याचे भिमाजीआबा, माझे होणारे सासरे. जावयाची नोकरी कशी काय आहे ते बघायला मुद्दाम आले होते. आबा म्हणजे कडक माळकरी. (तुमचे शेजारी सोपानराव मटणाच्या दिवशी तुळशीची माळ खुंटीला लावतात आणि हात धुतला की परत गळ्यात घालतात, तसले नव्हेत.) त्यांनी काय बघितलं? जावई नखशिखांत भिजलेला, अंगाला बिअरचा भपका, आणि उतरणीवर पाय मुरगळल्यामुळे शिदूनं बखोटीला धरलेला. आबांनी गळ्यातली माळ दोन बोटांत धरून माझ्यासमोर नाचवली. तांबड्या दोऱ्यातली, मध्ये एक पितळी मणी. "ह्या माळंची आन सांगतो, पिनाऱ्याच्या घरात माजी पोरगी न्हाई जायची!" मी सगळं खरंखरं सांगितलं. खुर्ची सांगितली, बांबू सांगितले, घरघर करून दाखवली. मामा, ते इतकं खरं होतं की अर्ध्यावर माझाच विश्वास उडाला. तेवढ्यात साहेबांना माझी दया आली. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारून आबांना त्यांच्या हिंदीत सांगितलं, "हौशीराम बहुत अच्छा! पाँचों बिअर!"

आबा जेवायला तयार होईनात, पण भर दुपारी पाहुण्याला उन्हात कसं घालवायचं? बाटल्या ठेवायची खोली गार असते. तिथं त्यांना बाकावर बसवलं, तांब्याभर पाणी ठेवलं, आणि मी विहिरीवर अंग धुऊन साहेबांचा बर्फ आणायला लंगडत बाजारात गेलो. परत येतो तर आबा पार बदललेले. दारू माणसाचं कसं वाटोळं करते यावर त्यांनी मला पुष्कळ वेळ सांगितलं, मग खड्या आवाजात एक अभंग म्हटला, आणि मधेच नवशाला छातीशी धरून ढसढसा रडले. म्हटलं, केवढी ही लेकीची माया! दुःखानं त्यांची पावलंसुद्धा सरळ पडत नव्हती. भर उन्हात उपरणं गळ्याभोवती घट्ट आवळून ते निघाले. नवशानंच त्यांना गाडीत बसवून दिलं. लग्नाचं हो की नाही, काहीच बोलले नाहीत.

झोप काढून साहेब उठले आणि बाटल्यांच्या खोलीत गेले. चार तऱ्हांची एकेक बाटली उघडून घोटभर घेतलेली, आणि पाचव्या तऱ्हेच्या होत्या नव्हत्या तेवढ्या रिकाम्या! मी म्हटलं, झालं, नोकरीही गेली. (माझा संशय माकडांवर होता. माकडं बूच काढतात का, याचा विचार करायला डोकं जागेवर नव्हतं.) पण साहेबांनी माझा हात हातात घेऊन जोरानं हलवला, डोळा मिचकावला आणि त्या पाचवीच्या नावानं मुंबईला तार ठोकली. मी शपथा घेतल्या. ते हसत राहिले. आज सगळा बाजार मला बिअरमास्तर म्हणतो आहे. बाजारात उर्स्याची माणसंही येतात.

मामा, आम्ही मुलगी बघायला गेलो तेव्हा बयानं मान खाली घालायची सोडून मलाच विचारलं होतं, "इमानात गुरं नेत्यात का हो?" तेव्हापासून मला दुसरी कुणी नको आहे. जीव नुसता वर-खाली होतो. असो. हे आपलं तुम्हाला माहिती असावं म्हणून लिहिलं. बाकी काही मागणं नाही. मामीस दंडवत, धाकट्यांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक भाचा,
हौशीराम

ताजा कलम : मागणं आहे. उद्याच्या उद्या उर्स्याला जा, आबांचे पाय धरा, आणि हौशीरामनं आयुष्यात थेंब घेतला नाही असं शपथेवर सांगा. खोंड चांगला आहे असंही मी चारचौघांत म्हणेन.

ताजा कलम दुसरा : पाकीट चिकटवायच्या आधी धुतलेला सदरा अडकवायला बाटल्यांच्या खोलीत गेलो. दारामागच्या खुंटीवर, साहेबांच्या टोपीखाली, तुळशीची माळ आहे. तांबडा दोरा, मध्ये पितळी मणी. मी बाकावर बसलो, उठलो, बाहेर जाऊन कुत्र्याला सांगितलं, पुन्हा आत येऊन बघितलं. माळ तिथंच होती. वरचा ताजा कलम रद्द. कुणाचे पाय धरू नका. माळ फडक्यात बांधून पत्राबरोबर शिदूच्या हाती देतो आहे. उर्स्याला जा, ओसरीवर बसा, गूळ-पाणी घ्या, माळ मुकाट्यानं आबांच्या हातात ठेवा आणि वैशाखातली तिथी विचारा. जास्त एक अक्षर बोलू नका. माणूस चांगला आहे आणि बयाचा बाप आहे. मात्र वेशीपर्यंत पोचवायला आल्यावर त्यांनी हळूच विचारलंच, की साहेबांनी शेवटी कोणती पसंत केली, तर सांगा, आबा, तुमचीच.