ताईचा तिसरा मजला

३ जुलै २०१४

काचीगुड्याला जाऊन आले. नेहमीप्रमाणे रस्त्यात उभं राहून ताईशी बोलणं. ती तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, मी खाली ऑटोंच्या हॉर्नमध्ये. लिफ्ट नाही. गुडघे गेल्यापासून तिला उतरवत नाही आणि मला दुसऱ्या मजल्याआधीच श्वास पुरत नाही. धपाटे टोपलीतून दोरीने वर पाठवले. "मीठ कमी आहे गं," वरून. साऱ्या गल्लीला कळलं.

तिच्या प्रकाशची बातमीही गल्लीसमक्षच. राज्याची वाटणी झाली, आता सरकारी नोकरांची. जन्म काचीगुड्याचा असला तरी त्याचं नाव आंध्रात निघालं तर उद्या विजयवाडा. मुलगा जाईल तिथे आई जाणार.

छप्पन साली हैदराबाद राज्य वाटलं तेव्हा नांदेडचं आजोळ दुसऱ्या राज्यात गेलं. मी नऊ वर्षांची. मला कोणी विचारलं नाही. आताही नाही.

ती जायच्या आत एकदा तिच्या घरात बसून चहा प्यायचाय. ओरडून बोलायचं नाही.

५ जुलै

डॉक्टर. तपासण्या सगळ्या ठीक. म्हणतो, "अम्मा, तुम्हाला रोग नाही, खुर्ची आहे." जन्मभर उभ्याने वर्ग घेतले, आणि हे पोरगं मला खुर्ची दाखवतं. म्हणे, हळूहळू चालायला लागा, बोलता येईल इतक्याच वेगाने. बोलण्याची अडचण मला कधी नव्हती.

चालायचं कुठे? आमच्या चिक्कडपल्लीत फूटपाथवर चालायची जागा सोडून सगळं आहे. घरात मुलाने हौसेने घेतलेली ट्रेडमिल आहे. तिच्यावर आजवर फक्त टॉवेल वाळले. काढले.

६ जुलै

पडले. म्हणजे पडता पडता कपाटाला धडकले.

चालत्या बसमधून उतरण्यात आयुष्य गेलं. तोंड पुढे, डावा पाय आधी, मग दोन पावलं पळायचं. सुलतान बाजारला बस थांबायची वाट कोणी पाहिलीय? इथेही पट्टा चालू असतानाच तशी उतरले. बस पुढे नेते म्हणून पळावं लागतं. हे यंत्र कुठे नेतच नाही. डावा पाय जमिनीवर पळाला, उजवा मागे गेला, मी कपाटावर.

सूनबाई धावत आली. "अत्तय्या, बटण दाबून पट्टा पूर्ण थांबला की मगच उतरायचं." गुंटूरची लावण्या मला थांबायला शिकवते. पण तिचं बरोबर होतं.

१४ जुलै

सर्वांत कमी वेग, पाचच मि. संपल्यावर जमीन सरकत असल्यासारखी वाटते.

सुलतान बाजारातून कॅनव्हासचे बूट. दुकानदार, "अम्मा, पोते के वास्ते?" "मेरे वास्ते. पोता नंगे पाँव फिरता." नातू नाहीच. त्याने सगळे आकार निमूट काढले.

लावण्याचा नवा हट्ट, दांडा सोडा. "धरलं तर तुम्ही चालत नाही, लटकता." बसला लटकतच नोकरी केली गं बाई, म्हटलं. पण सोडला. शाळेत पीटीच्या सिस्टर हनुवटी बोटाने वर करायच्या, ते आठवलं. हनुवटी वर केली की पाय आपोआप नीट पडतात. तेव्हा त्यांना मनात काय काय म्हणायचे मी.

२ ऑगस्ट

एक नवाच ताण जाणवतो पोटऱ्यांत. दुखणं नव्हे, काम. साडी वर खोचून चालते. मुलगा म्हणतो, ट्रॅकपँट आणू का? त्याला म्हटलं, तू ट्रॅकपँट आणलीस आणि चालला नाहीस. साडी चालतेय तर चालू दे.

१९ ऑगस्ट

सरकारचा सर्व्हे. सारं शहर आपापल्या घरात बसून मोजून घेतंय. बस नाही, दुकान नाही. मोजणीवर नेमलेले शाळामास्तर आले तेव्हा मी यंत्रावर, तेही चढ लावून.

"अम्मा, उतर के बोलो ना."
"ऐसेच बोलती. पूछो."

नाव, वय, शिक्षण, पेन्शन, गॅस. एकही शब्द अडला नाही, धाप नाही.

"हैदराबाद में कब से रहते?"
"निज़ाम के ज़माने से. तुम?"

मास्तर वरंगलचे निघाले. बिचारे सकाळपासून हिंडून माझ्यापेक्षा जास्त दमलेले. लावण्या त्यांना पाणी आणायच्या निमित्ताने आत जाऊन हसली. नंतर म्हणाली, "डॉक्टरनी सांगितलेली परीक्षा सरकारने घेतली." पहिल्यांदाच तिचा विनोद आवडला.

३ ऑक्टोबर, दसरा

गेले. लावण्याला न सांगता. पहिला मजला तरातरा. दुसऱ्यावर पोटऱ्या लटपटायला लागल्या, डोळ्यांपुढे काजवे. शेजारणीने स्टूल आणलं. बसले. वर जायची हिंमत झाली नाही. कठड्याला धरून खाली आले आणि सोनं टोपलीतून पाठवलं.

"जिन्यात कोण धापा टाकत होतं गं, मालू?"
"मांजर असेल."
"मोठं असणार."

लावण्याला सांगावंच लागलं. ती एवढंच म्हणाली, "मशीनवर हळू सुरुवात करता, जिन्यावर का नाही?" कारण जिन्यावर लोक बघतात.

९ नोव्हेंबर

पोचले.

बुटात. प्रत्येक मजल्यावर उभी राहून मोठ्याने एक वाक्य बोलायचं, ते सरळ निघालं की पुढे. लावण्या दोन पायऱ्या मागे. हात लावायचा नाही, बजावलं होतं. तिसऱ्या मजल्यावर धाप होती, पण चांगल्या घरातली.

ताई खुर्चीत. "चपला बाहेर."
"बूट आहेत."
"मग बूट बाहेर."

मग माझी पोटरी चिमटीत धरून पाहिली, बाजारात दोडका बघावा तशी. "पोरीसारखी झालीय," म्हणाली. लावण्याकडे बघून पुन्हा म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं. दोनदा चहा झाला. साखर जास्त होती. हळू आवाजात बोललो दोघी.

प्रकाश बाहेरून आला. हुकूम अजून नाही. संक्रांतीआधी कळेल म्हणतात, कळणारही नाही म्हणतात.

ताई म्हणाली, "मी याला सांगून ठेवलंय, विजयवाड्याला घर तळमजल्याचंच बघ. मालूला यायला बरं."

इतके दिवस गॅलरीतून हे बोलली नव्हती. निघताना मी दारात बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकले, जरा वेळ लावला. मग प्रकाशला सांगितलं, आईला हवा येईल असं घर बघ, मजला कितवाही असू दे.