खंडेनवमीला धुतलेला दगड

२९ सप्टें., सोम.
तेल कंपनीचा दगड एकदाचा लॅबला आला. खोलातून काढलेला वीतभर शेल, म्हणजे चिकणमातीचाच दगड, मेणात बंद केलेला. एवढा एकच तुकडा. तो मशीनमध्ये दाबून सांगायचं की ड्रिलिंग करताना भोकात मड, म्हणजे भोकाच्या भिंती धरून ठेवणारं गढूळ मिश्रण, कोणतं सोडायचं, किती जड. त्यांचा इंजिनियर तेलाचं सोडून स्वस्तातलं पाण्याचं मड धरून बसलाय. मी ओरडून सांगतेय, भिंती ढासळतील, पाइप अडकून बसंल. त्याचं एकच, "आकडा द्या, मॅडम." देते ना बाबा! मशीन मोकळं तर होऊ दे. सिमेंटचे ठोकळे संपतच नाहीत. आता दसऱ्यानंतरच.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
डोकं फिरलंय. लॅबमध्ये पूजा. मशीनला झेंडूचा हार, पुढं पाटावर पाने, हातोडे, अन् मधोमध ताटात माझा शेल! मेण सोललेलं, नळाखाली घासलेला, वर हळदकुंकू. बोट लावलं तर पापुद्रे सुटले. खाली चिखल.
आमचे शिपाई रावसाहेबमामा. काल जाताना त्यांनी सगळं धुवून ठेवलं. म्हणाले, "बाई, असला मेणचट दगड पूजेला कसा मांडू?" आपल्याकडचा काळा दगड वर्षभर हौदात टाका, काय होत नाय. त्यांनी जन्मभर तोच पाहिला. तरी मी नको ते बोलले. मी प्रसाद न घेताच घरी निघाले. पुंडलिकनगर येईस्तोवर गाडीवर रडत होते.

३ ऑक्टो., शुक्र.
विभागप्रमुख सर म्हणतात, प्रवासात फुटला असं कळवा. लॅबच्या अब्रूचा प्रश्न. खरं कळलं तर मामांची कंत्राटी नोकरी आधी जाईल, हेही ऐकवलं. मामांची एकदम लई काळजी!
नुसतं 'फुटला' कळवलं तर कंपनी पाण्याचंच मड वापरणार. पण साध्या पाण्यानं एका रात्रीत चिखल झाला, हे त्यांना दाखवलं तर? आकडा गेला, पुरावा ताटात आहे. पण मग मामा...

४ ऑक्टो., शनि.
मामांना छावणीतल्या टपरीवर चहाला नेलं, सगळं सांगितलं. बशी फिरवत बसले. मग म्हणाले, "लिहा. पण निष्काळजीपणा लिहू नका. पूजेसाठी धुतला म्हणा." तसंच लिहिलं. फोटो जोडले. सरांना न विचारता पाठवलं.

६ ऑक्टो., सोम.
सरांनी केबिनमध्ये झाप झाप झापलं. मामांना उद्यापासून येऊ नका म्हणाले. मी भांडले. उपयोग शून्य.
दुपारी इंजिनियरला फोन. फोटो पाहून ऑफिसात सगळे हसले म्हणे. मड कोणतं वापरताय, विचारलं. "वरून ठरेल." अन् आजच त्या थरात ड्रिलिंग सुरू होतंय! कुणापुढं डोकं फोडू?
संध्याकाळी मामांचा फोन. नोकरीबद्दल चकार शब्द नाही. "बाई, ऐकलं का त्यांनी?"
मी व्हय म्हणाले.