याकूबची काडी

रविवार, १४ ऑक्टोबर २००१, संध्याकाळ

डोकं भणाणलंय. मुलानं माझी जुनी गिटार न विचारता दुरुस्त करून आणली. तारांचा आवाज उचलणारे पिकअप बदलायच्या तीन खाचांच्या स्विचमध्ये माझ्या दोस्तानं, याकूबनं, काडेपेटीतल्या काडीचा तुकडा खुपसला होता, स्विच दोन खाचांच्या मधोमध अडकून राहावा म्हणून. तिथला नाकातला, गोड आवाज त्यानंच हुडकला. शाळेतल्या कविता आम्ही त्याच आवाजावर म्हणायचो. याकूब गेला, काडी तेवढी राहिली होती.

"आबा, कचरा अडकलावता की! दुकानदारानं टाकला. नवा स्विच पाच खाचांचा हाय, बघा तरी!"

कचरा म्हणे! याकूबची काडी!

रागानं स्विच ओढला. चौथ्या खाचेत तोच आवाज आला, हुबेहूब. मग तर जास्तच भडकलो. काडी शोधून आण, म्हणून ओरडलो.

आणली तरी आता खुपसू कुठं?