कालच्या मॅडम

सोमवार, ३ मार्च

“कालच्यासारखंच बसायचं का?”

सात वर्षांच्या मुलीने आज मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी त्या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकलेलं! काल रविवार. काल मी दिवसभर गाऊनमध्ये होते, साक्षीला नवरा आहे.

नीट लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही. मुलीची आई दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी बापाकडे, त्याच्या थोरल्या बहिणीच्या देखरेखीखाली. आता मावशीने, म्हणजे गेलेल्या आईच्या धाकट्या बहिणीने, कोर्टात अर्ज केलाय की मुलगी मला द्या. निकाल लागेपर्यंत शनिवार-रविवार मावशीकडे, बाकी दिवस बापाकडे. आणि न्यायाधीशबाईंनी नेमलंय मला. मी बापाची वकील नाही, मावशीचीही नाही. मुलीची. घरं बघायची, मुलीशी एकटीने बोलायचं आणि या जिवाचं भलं कुठे आहे ते लिहून द्यायचं. पंधरा वर्षं हेच करतेय. माझ्या स्वतःच्या मुलाचं भलं कशात आहे यावर मात्र आमच्या घरात अजून तारखाच पडताहेत.

नावं कुठेच लिहायची नाहीत, हा आमचा नियम. घरच्या वहीतसुद्धा मी तो पाळते. मुलगी म्हणजे मुंगी, कारण ती भिंतीच्या कडेकडेने चालते. बाप लिफ्ट दुरुस्त करतो. बोलणंही तसंच, बटण दाबल्याशिवाय हलत नाही. आत्या निवृत्त मुख्याध्यापिका. तिला हेडबाई. माझ्याकडे असं पाहिलं की शाळेत न केलेला गृहपाठ आठवला.

मुंगीशी बोलायला बसले. वही मांडीवर, बंद. मी म्हटलं, “तुला—” तेवढ्यात तिने सुरू केलं, “मला चित्रं काढायला आवडतात. शाळा आवडते. कधीकधी भीती वाटते. कशाची ते नंतर सांगीन.” सगळी उत्तरं माझ्या प्रश्नांच्या क्रमाने, म्हणजे या कामातल्या सगळ्यांच्याच. प्रश्न अजून माझ्या पोटातच होते!

काल कोण आलं होतं गं? तिने कीव केल्यासारखं पाहिलं. “तुम्ही.”

कुठे बसलो होतो आपण?

“हा प्रश्न नाहीये,” ती म्हणाली.

पुढे रेटता आलं नाही. मुलाच्या तोंडात नाव घालायचं नाही, आपल्याला हवं ते सुचवायचं नाही, हे या कामातलं पहिलं पथ्य. “आत्या होती का?” असं विचारलं असतं तर माझा अख्खा अहवाल वकिलांनी फाडून हातात दिला असता.

निघताना हेडबाई म्हणाल्या, सोमवारी ती अशीच असते, गुरुवारी येऊन बघा. मी सांगितलं, माझं वेळापत्रक माझं मी लावते. बाकीचे दिवस मी कोर्टात, त्यामुळे सोमवारच. शिवाय भेटीचा वार स्वतः ठरवू पाहणारे लोक मी पंधरा वर्षं ओळखून आहे. त्यांना तयारीला सवड हवी असते.

मंगळवार, ४ मार्च

नवऱ्याला सांगितलं, तिथे कुणीतरी मी बनून येतं. तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, “नक्कल होतेय म्हणजे प्रसिद्ध झालीस.”

बुधवार, ५ मार्च

मावशीचं घर. सहावा मजला, उजेड, कुंड्या, मुंगीसाठी वेगळी खोली, पलंगावर कासवाची चादर. मुंगी शाळेत होती. मावशी विमा कंपनीच्या फोनवर दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकते. आवाज मधाळ. मॅडम काय म्हणायचं, मी ताईच म्हणते, म्हणाली. बहिणीची आठवण काढून रडली. बेताने रडली. मला बेताने रडणारी माणसं आवडतात.

मग माझ्या कामाबद्दल विचारत बसली. एवढ्याशा जिवांना बोलतं कसं करता हो ताई? गेल्या पंधरा वर्षांत मला हे कुणी विचारलेलं नाही. घरच्यांनी तर नाहीच. मग काय, माझा नळ सुटला. आधी आवडीनिवडी, मग शाळा, मग भीती, मग झोप. घाई करायची नाही. महत्त्वाचं उत्तर आलं की चष्मा काढायचा, म्हणजे पोराला वाटतं बाई लिहीत नाहीयेत, ऐकताहेत.

“चष्मा काढलात की किती मायाळू दिसता,” मावशी म्हणाली.

दोन कप चहा झाला. पाऊण तास जास्त बसले.

सोमवार, १० मार्च

मुंगी आज माझ्याकडे रोखून बघत होती. भीतीच्या प्रश्नापाशी आलो तसं तिने बोट दाखवलं. “काल काढला होतात. आज नाही काढत?”

चष्मा!

मी काढला. काडी केसांत अडकली. ती समजूत घातल्यासारखं म्हणाली, “चालेल. नवीन असलं की चुकतं. मग परत पहिल्यापासून करायचं.”

मग विचारलं, चुकलं की कुणी रागावतं का तुला? नाही म्हणाली. फक्त परत पहिल्यापासून. कधी दहादा. मग जेवायचं.

मार नाही, ओरडा नाही. मला मारकुटे बाप चालतात, म्हणजे कळतात. हे काही कळेना. खोलीभर स्वच्छता. रंगीत पेन्सिली उंचीने लावलेल्या. पोर हात मांडीवर ठेवून बसलेली, आणि मी तिच्यापुढे कुणाची तरी बदली म्हणून आलेली.

बाहेर हेडबाई चष्मा दोरीने गळ्यात अडकवून बसलेल्या. बाजूला कापडी पिशवी, माझ्याच पिशवीसारखी तपकिरी. घरात आठवड्याचे पाच दिवस तीच, आणि पोरांचा ‘काल’ म्हणजे मागचा कुठलाही दिवस. पोरांकडून पाठ करून घेण्यात उभा जन्म गेलेला. आणखी काय पुरावा हवा!

गुरुवार, १३ मार्च

आरशासमोर चष्मा काढून पाहिला. मायाळू वगैरे काही दिसत नाही. धुरकट दिसतं.

सोमवार, १७ मार्च

हल्ली मला कोरडा खोकला झालाय. वाक्य संपताना दोनदा येतो. मावशीचा शुक्रवारी फोन आला होता, तेव्हा तिने आपुलकीने चौकशी केली, काढा सांगितला.

आज मुंगीसमोर खोकले तर तिची मान हलली. बरोबर, अशी. परीक्षक खुणा करतात तशी.

मी तिला ओळखपत्र दाखवलं. फोटो, शिक्का, सही. ती नम्रपणे म्हणाली, तुमच्याकडे दोन आहेत. मी म्हटलं, बाळा, माझ्यासारखं दिसायला कुणीतरी येत असेल, पण मी वेगळी आहे. तिने विचार केला. “त्या हसतात जास्त,” म्हणाली. “तुम्ही दमता.”

खरी कोण, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. तिच्या लेखी आम्ही दोघी सारख्याच, तिच्याकडून उत्तरं काढायला आलेल्या. मीच पंधरा वर्षं समजत होते की मुलांना फरक कळतो.

घरी येताना बसमध्ये शेजारच्या बाईने “काल पण याच सीटवर होतात ना?” असं विचारलं. एक थांबा आधीच उतरले. चालत आले. बाई बहुतेक नुसती बोलकी असावी.

सोमवार, २४ मार्च

मुंगीला कोर्टातल्या मुलांच्या खोलीत बोलावलं. दोन्ही घरांपासून लांब. खेळणी, छोट्या खुर्च्या, भिंतीवर हसणारा हत्ती. लिफ्टवाला सोडून गेला. जिन्याने आले, चार मजले. मुंगी धापा टाकत होती. लिफ्टवाल्याची पोर आणि जिना! विचारलं तर म्हणाला, “तिला नको असतं.” बटण सुटलं, गप्प.

मी ठरवून आले होते. वही नाही, पेन नाही, चष्मा पिशवीत. जमिनीवर बसले, गुडघे बोंबलले. म्हटलं, आज कोणतंही उत्तर चूक नाही.

“कालही असंच म्हणालात,” मुंगी म्हणाली.

बराच वेळ ती ठोकळ्यांची भिंत रचत होती.  मग माझ्याकडे न बघता तिने सांगितलं. बाबा कामाला जाताना तिला अडगळीच्या खोलीत ठेवतात. बाहेरून कडी. आत तेलाचा वास येतो. दाराखालून उजेडाची पट्टी दिसते, ती सरकत सरकत डब्यापर्यंत गेली की बाबा येतात. रडलं तर पट्टी हलते, म्हणून रडायचं नाही.

 असली वाक्यं कुणी शिकवू शकत नाही. पट्टी हलते! हे पोरच बोलू शकतं. इतक्या सोमवारांनंतर हेडबाईंच्या पढवण्याला भेग पडली आणि आतून खरी मुंगी बाहेर आली, माझ्यासमोर, मी वही ठेवली म्हणून.

सांगून झाल्यावर तिने ठोकळे रंगाप्रमाणे डब्यात भरले आणि हात मांडीवर ठेवले.

बुधवार, २६ मार्च

आधी न कळवता बापाच्या घरी. अडगळीची खोली आहे. कडी बाहेरून आहे. वास तेलाचा आहे. लिफ्टवाला म्हणाला, आत माझी हत्यारं असतात, पाने, कटर, पोरगी हात घालते म्हणून कडी. त्याला विचारलं, तू कामावर गेलास की ती कुठे असते? तो बहिणीकडे बघायला लागला. हेडबाई ताठ बसून म्हणाल्या, “माझ्या मांडीवर असते. लिहा ते.”

मी आत गेले, दार लावून घेतलं, दिवा न लावता उभी राहिले. खाली उजेडाची पट्टी. जवळच लोखंडी डबा.  बाहेर दोघं दाराशीच उभी होती. क्षणभर वाटलं, हे आता कडी घालतील. घातली नाही. मीच घाईने बाहेर आले.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “अगं, सगळ्याच दारांखालून येतो उजेड.”

त्याच्याशी बोलले नाही. अहवाल लिहायला बसले. सोळा पानं. पंधरा वर्षांत इतका चांगला अहवाल लिहिला नव्हता. पट्टीचं वाक्य तिच्याच शब्दांत, अवतरणात. शिफारस: मुलीला मावशीकडे द्यावं, बापाने महिन्यातून एकदा कोर्टात भेटावं.

गुरुवार, १० एप्रिल

निकाल. माझी शिफारस जशीच्या तशी. न्यायाधीशबाईंनी पट्टीचं वाक्य मोठ्याने वाचलं, तेव्हा बाईंनीही चष्मा काढला. मावशी बेताने रडली. हेडबाई उभ्या राहिल्या, त्या शिपायाने दोनदा सांगेपर्यंत खाली बसल्या नाहीत.

बाहेर बाकावर लिफ्टवाला. मला वाटलं शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या, सोपं गेलं असतं. त्याने विचारलं, मावशीचं घर सहाव्या मजल्यावर ना? हो म्हटलं.

“तिला जिन्यानेच न्या म्हणावं. लिफ्टचं दार लागलं की श्वास कोंडतो तिचा. आई गेली त्या दिवसापासून. बंद जागेत ती राहतच नाही, मॅडम. मी न्हाणीघराची कडीसुद्धा काढून टाकलीय.”

जिना उतरताना मी मनाशी म्हटलं, हरलेला बाप काहीही सांगतो. दोन मजले म्हटलं. तिसऱ्यावर कठडा धरून उभी राहिले. शिपायाने विचारलं, बरं नाही का? नुसताच खोकला, म्हटलं.

शनिवार, १२ एप्रिल

न्हाणीघराची कडी मी पाहिली नव्हती. मुळात पाहायचं सुचलंच नव्हतं. अहवालाच्या प्रतीत पट्टीचं वाक्य आज पुन्हा वाचलं. फार छान आहे. फारच छान आहे.

पाठपुराव्याची भेट सोमवारी, २८ तारखेला. मावशीला कळवून झालंय.

शुक्रवार, २५ एप्रिल

थांबवेना. तीन दिवस आधीच गेले, न सांगता, जिन्याने. दार मुंगीने उघडलं. घाबरली नाही, आनंदलीही नाही. ओठांवर बोट ठेवलं.

“हळू. आत मॅडम आल्यात.”

तिच्या डोक्यावरून आत दिसलं. खुर्चीत मावशी, तपकिरी पिशवी, मांडीवर बंद वही. मी दिसले तरी उठली नाही. मुलाशी बोलणं चाललेलं असताना मध्येच आलेल्या नातेवाइकांकडे मी बघते, तसं शांतपणे बघितलं आणि हाताने खूण केली, बाहेर थांबा.

मी थांबले.