डाव्या पुडीची कणीक

राजूर, ९ जुलै १९९९

भुजंगा,

तू कारगिलच्या लढाईवर गेल्यापासून आपल्या संगीतशाळेतली पोरं तालात टिकंना झालीत. शेजारी रेडिओवर बातम्या लागल्या की चालू ठेक्यात त्यांचे हात थांबतात.

तुझी आई अजून तुझ्या पखवाजाच्या डाव्या पुडीला, त्या चामड्याला घुमारा यावा म्हणून लावायला कणीक मळून आणते. मी लावतो, पण वाजवू देत न्हाई कुणाला. शाळा सुटली की खरडून काढतो.

तीन वर्षांमागं सगळ्यांदेखत मी तुला म्हणल्तो, "तुझा हात जड आहे, बंदुकीला शोभंल." तू खाली मान घालून गेल्ता, आन् महिन्यात फौजेत भरती झाला. भुजंगा, पखवाजाला तसाच हात लागतो. मी नुसता तबलजी. पोरं तुझ्याभोवती जमायला लागली, ते मला सोसलं न्हाई.

काल तुझ्या आईनं माझ्याकडून तुला पत्र लिहून घेतलं. शेवटी म्हणाली, "लिहा, मास्तरचे उपकार इसरू नको. त्यांच्यामुळंच तुझं भलं झालं."

ते मी माझ्या हातानं लिहिलं आन् टपालात टाकलं. हे टाकणार न्हाई.

तुझ्या हाताला भ्यालेला,
पुंजाराम मास्तर